आलाच आहात तर...

खिडकीची बिजागरी बसवायला सुताराला बोलवावे आणि तो हत्यारे पिशवीत भरू लागला की म्हणावे, "आलाच आहात तर दाराला जरा रंधा मारा. पाच मिनिटांचे तर काम!" पण वाचकहो, ते पाच मिनिटांत होते, कारण त्यामागे वीस वर्षांचा हात असतो. शिवाय तेवढ्यात त्याचे पुढचे गिऱ्हाईक हातचे जाते.

गावगाड्यात सुतार वर्षभर शेतकऱ्याची औते दुरुस्त करी, पण सुगीला खळ्यावर त्याचे बलुते त्याला मिळे. शहरात खळे गेले, सवय तेवढी उरली! 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 23व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली. आपल्या उंबरठ्याशी ती गोड बोलून आत यावी काय?

माझ्या ओळखीचे एक सुतार जादा कामाला कधी नाही म्हणत नाहीत. कानावरची पेन्सिल काढून हिशेबाच्या चिठ्ठीत ते काम लिहितात, पुढे आकडा घालतात आणि विचारतात, "करू ना?" निम्म्या वेळा यजमानांना दार आहे तसेच बरे वाटू लागते. भांडण नाही, वाईटपणा नाही.

दिवाळीच्या आधी घरी कारागीर आला तर त्याला चहा जरूर द्या. मात्र चहा म्हणजे मजुरी नव्हे, एवढे मी सांगून ठेवतो.