यंत्र बोटीवर बसले, माणसे जोडायची राहिली



३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात केंद्र सरकारने मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची देशभराची योजना सुरू केली. किनारपट्टीवरची १३ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश, मिळून १ लाख बोटी. आपला गोवाही त्यात आला. यंत्र इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालते आणि बोटमालकाला फुकट मिळते. फुकट मिळालेल्या वस्तूचे पुढे काय होते, ते मात्र आपण सगळेच जाणतो. चार दिवस कौतुक, मग वायर तुटते, मग त्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घालतो.

म्हणून आमचे मत आधीच सांगून टाकतो. यंत्र देणे हे सरकारचे काम. ते वापरणारी माणसे एकमेकांना बांधून ठेवणे हे आपल्या सोसायट्यांचे काम. हे दुसरे काम झाले नाही, तर पहिल्याचा उपयोग शून्य.

हे यंत्र करते काय? मोबाईलची रेंज किनारा सोडला की थोड्याच मैलांत जाते. ट्रान्सपाँडर उपग्रहावरून बोलतो, त्यामुळे त्याला टॉवर लागत नाही. बोट कुठे आहे ते कळते, वादळाचा इशारा बोटीपर्यंत पोचतो, संकटात बटण दाबून निरोप धाडता येतो. 'नभमित्र' हे ॲप फोनवर घेऊन यंत्राला जोडले की छोटे संदेश दोन्हीकडून जातात-येतात. मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे, ती माहितीही येऊ शकते.

याची किंमत समजायची तर २०१७ चे ओखी वादळ आठवा. नोव्हेंबरच्या शेवटी ते केरळच्या दक्षिणेला उसळले, तेव्हा कित्येक बोटी आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. बरेच दिवस बाहेर राहणाऱ्या त्या बोटी. किनाऱ्यावर इशारा होता, पण तो त्यांच्यापर्यंत नेणार कोण? अनेक जण परत आलेच नाहीत. जे वाचले त्यातले शेकडो जण भरकटत आपल्या शेजारी, देवगडच्या बंदरात आसऱ्याला लागले. त्यांच्या घरी मात्र कित्येक दिवस रडारड चालू होती, कारण माणूस जिवंत आहे एवढा निरोपसुद्धा द्यायला साधन नव्हते.

आता कोणी म्हणेल, साधन आले, प्रश्न मिटला. आम्हाला तसे वाटत नाही. रापणीचे जाळे कितीही मजबूत असो, एकट्याने ओढता येते का? दोन्ही दोरांवर माणसे लागतात, आणि सगळ्यांनी एका तालात ओढावे लागते. यंत्राचेही तेच आहे.

याचा चांगला दाखला केरळात आहे. तिथे गावोगावच्या मच्छीमार सोसायट्यांनी मिळून १९८० मध्ये 'सिफ्स' नावाचा महासंघ उभा केला. सुरुवात मासळीच्या लिलावापासून आणि कर्जाच्या सोयीपासून झाली. पुढे होड्यांना आउटबोर्ड इंजिने लागली, तेव्हा महासंघ फक्त इंजिन आणून देऊन थांबला नाही. स्पेअर पार्ट, किनाऱ्यावरच दुरुस्तीचे वर्कशॉप, हात बसलेले मेकॅनिक, हे सगळे इंजिनाच्या मागोमाग उभे केले. प्लायवूडच्या होड्या बांधण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. इंजिन शेवटी परदेशी कंपनीचेच होते. पण ते बंद पडले तर कुठे जायचे, हे मच्छीमाराला माहीत होते, आणि जिथे जायचे ती जागा त्याच्याच सोसायटीची होती.

आपल्याकडे आज काय स्थिती आहे? मालीम घ्या, कुटबण घ्या, वास्कोचा खारीवाडा घ्या, शापोरा घ्या. एका बोटीवरचा फिशफाइंडर बिघडला तर बाजूच्या बोटवाल्याला तोच बिघाड गेल्या महिन्यात आलेला असतो. पण दोघे बोलत नाहीत. दोघेही वेगवेगळे दुकानात जातात आणि दोघेही पैसे भरतात. दहा जणांनी एकत्र तक्रार केली असती, तर विकणारा स्वतः जेटीवर आला असता. एकट्याची तक्रार म्हणजे कटकट, पन्नास जणांची सहीची तक्रार म्हणजे वजन.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. यंत्र मालकाच्या नावावर येते, पण वापरणारा कोण? ट्रॉलरवर मालक असतो कुठे? तिथे असतो तांडेल आणि खलाशी. त्यातले पुष्कळ जण ओडिशा, झारखंड, कर्नाटक, आंध्र या भागांतून पोटासाठी आलेले. मालकाला ट्रेनिंग दिले आणि खलाशाला बटण माहीत नाही, तर रात्री दोन वाजता बोटीत पाणी शिरल्यावर ते ट्रेनिंग काय कामाचे? वापरणाऱ्यांचा गट बांधायचा तर त्यात तांडेल हवा, खलाशी हवा, आणि त्याच्या भाषेत सांगणारा माणूसही हवा.

यात वेळेचाही घोळ आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंदी. शिबिर घ्यायला सगळ्यांना हाच काळ सोयीचा वाटतो, कारण मालक मोकळे असतात. पण खलाशी तेव्हा आपापल्या गावी गेलेले असतात! तेव्हा बंदीत मालकांची आणि मेकॅनिकची तयारी करावी, आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी प्रत्येक बोटीवर चढून तांडेल-खलाशांना दाखवावे. अर्धा तास पुरे, पण हातात यंत्र देऊन.

घरच्यांनाही यात घ्या. बोट वेळेवर आली नाही की पहिला फोन घरच्या बाईचा येतो. आज तिने कोणाला विचारायचे ते ठरलेले नाही, म्हणून ती दहा जणांना विचारते आणि दहा वेगवेगळी उत्तरे ऐकते. प्रत्येक जेटीवर दोन-तीन माणसे नेमली, त्यांचे नंबर घरोघरी दिले, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर दारामागे लिहून ठेवला, तर केवढा धीर येईल. हे नेमलेले लोक पुरुषच असावेत असेही नाही. जेटीवरच्या मासळीवाल्या बायांना कुठली बोट कधी गेली आणि कधी यायची हे अनेकदा मालकापेक्षा जास्त माहीत असते.

आता शंकेबद्दल. पुष्कळ जण कुजबुजतात की हे यंत्र म्हणजे आपल्या मागे लावलेला पोलीस. कुठे गेलो, कुठे जाळे टाकले, सगळे दिसणार, उद्या दंड मारतील. काही जण म्हणतात, आमची मासळीची जागा उघडी पडेल. बापजाद्यांनी शोधलेली जागा कोणी फुकट देईल का? ही भीती हसण्यावारी नेऊ नये. पण म्हणून यंत्र बंद करून ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. योग्य मार्ग हा, की सोसायट्यांनी मिळून मत्स्य खात्याला लेखी प्रश्न द्यावेत: बोटीची जागा कोण बघतो, ती नोंद किती दिवस ठेवली जाते, ती कशासाठी वापरली जाईल. उत्तर लेखी घ्यावे आणि जेटीवर लावावे. विश्वास असा तयार होतो. नुसत्या भाषणांनी होत नाही.

विश्वास दुसऱ्या बाजूनेही लागतो. गंमत म्हणून किंवा चुकून दाबलेले संकटाचे बटण म्हणजे खोटी हाक. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. खोट्या हाकेपायी तटरक्षक दलाची बोट एकीकडे धावली आणि खरा बुडणारा दुसरीकडे राहिला, तर ते पाप कोणाच्या माथी? बटण चुकून दाबले गेले तर लगेच कळवायचे, हा नियम आपणच आपल्याला लावून घ्यायचा. बाहेरचा दंड येण्याआधी घरची शिस्त बरी.

मग करायचे काय? आमच्या मते चार कामे पुरेत. प्रत्येक जेटीवर यंत्र नीट समजलेली दोन-तीन माणसे. सोसायटीत एक वही, जिच्यात कुठल्या बोटीचे यंत्र कधी बंद पडले, काय बिघडले आणि कोणी दुरुस्त केले ते लिहायचे. महिन्याला एकदा त्या वहीतल्या तक्रारी एकत्र करून खात्याकडे आणि यंत्र बसवणाऱ्यांकडे पाठवायच्या. आणि हंगामाच्या सुरुवातीला एकदा सराव: कोणते बटण, कोणता निरोप, किनाऱ्यावर तो कोण ऐकणार. याला मोठा निधी लागत नाही. वही, पेन आणि थोडी लाज सोडून शेजाऱ्याला विचारण्याची तयारी लागते.

ती वहीच उद्या आपली ताकद ठरेल. यंत्राची पुढची आवृत्ती येईल तेव्हा बनवणाऱ्यांना सांगता येईल, की खाऱ्या पाण्याने अमुक जोड गंजतो, अमुक बटण ओल्या हाताने दबत नाही. समुद्र माहीत असलेल्या माणसाचे बोलणे लिहून ठेवलेले असेल, तर ते टाळणे कोणालाही जड जाते.

मंडळी, पुढच्या सोसायटीच्या सभेत हा विषय घ्या. आपल्या जेटीवरची ती दोन-तीन माणसे कोण, त्यांची नावे त्याच सभेत ठरू द्या. आणि आज संध्याकाळी बोट लागली की एवढे करा: आपल्या यंत्राचा दिवा पेटतो का ते बघा, आणि तो काय सांगतो ते तांडेलाला विचारा.