हौसेचं दुखणं

टमी टक झाल्यावर सुरुवातीचे दिवस बाईला ताठ उभं राहता येत नाही, आणि डॉक्टरही राहू नका असं बजावतात. बेंबीखालची सैल त्वचा आणि चरबी काढून टाकलेली असते, वरची त्वचा खाली ओढून कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत शिवलेली असते. त्या शिवणीवर ताण येऊ नये म्हणून चालायचं ते वाकून, झोपायचं तेही पाठीमागे उशांची रास आणि गुडघ्यांखाली लोड घेऊन, अर्धवट बसल्यासारखं. बेंबी मात्र देठासकट आपल्या जागी राहते. ओढून आणलेल्या त्वचेला नवं भोक पाडून तिला पुन्हा बाहेर काढतात. स्वतःच्या बेंबीभोवती टाके बघताना हसावं की रडावं कळत नाही. हसण्याचा प्रश्न तसा नसतोच, कारण हसायला सक्त बंदी. मला बरं वाटावं म्हणून लेकीनं पु.लं.ची ‘म्हैस’ लावली होती. दोन मिनिटांत मी पोटाशी उशी धरून ‘बंद कर, बंद कर’ म्हणत होते.

माझी मुलं जुळी. ती आता कॉलेजात जातात. त्यांच्या वेळी पोट जे ताणलं, ते पुन्हा जागेवर आलंच नाही. पोटाच्या मध्यावर उभे दोन स्नायू असतात, त्यांना जोडणारी पट्टी गरोदरपणात ताणते. पुष्कळ जणींची ती आपोआप किंवा व्यायामानं बऱ्यापैकी आवळते. माझी फार ताणलेली होती. वजन बेताचं असूनही रिक्षावाल्यांपासून लग्नातल्या बायकांपर्यंत सगळे ‘कितवा महिना?’ विचारायचे. त्यात बेंबीपाशी छोटा हर्निया निघाला. सर्जन म्हणाले, हर्निया दुरुस्त करू, त्याच वेळी स्नायूही जवळ आणून शिवता येतील. मी होकार दिला. सैल त्वचा काढा असं मात्र मी स्वतःहून सांगितलं. ती हौस होती, असं म्हणायला माझी हरकत नाही.

घरात पहिली चर्चा झाली ती लोकांना काय सांगायचं यावर. धाकट्या जावेचं मत, हर्निया म्हणावं, खोटंही नाही. आणि खरंच, हर्नियाला मान आहे! ‘हर्निया’ म्हटलं की शेजारणी डबा पाठवतात, ‘अजिबात उठू नकोस’ म्हणतात. ‘पोट कमी करायचं ऑपरेशन’ म्हटलं की आधी नजर पोटावर जाते, मग चेहऱ्यावर, आणि मग येतो तो सल्ला: ‘त्यापेक्षा रोज सूर्यनमस्कार घातले असतेस तर?’ गंमत म्हणजे नवऱ्यानं चष्मा जावा म्हणून डोळ्यांचं लेझर करून घेतलं, तेव्हा ‘त्यापेक्षा गाजरं खाल्ली असतीत तर’ असं कुणी म्हटलं नव्हतं. मी दोन्ही सांगत गेले, हर्नियाही आणि टमी टकही. डबे थोडे कमी आले.

सासूबाईंना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. ‘देवानं दिलेलं पोट कुणी कापून घेतं का अगं,’ असं म्हणत त्यांनी डिंकाचे लाडू केले. त्यांच्या लेखी पोटाला टाके म्हणजे बाळंतपण, आणि बाळंतपण म्हणजे लाडू, खारीक-खोबरं, पट्टा आणि शेक. यातला पट्टा बरोबर जुळला. सर्जनही साधारण सहा आठवडे घट्ट पट्टा बांधायला सांगतात, फरक इतकाच की सुती लुगड्याऐवजी तो हुकांचा आणि बराच महाग. लाडवांवरही तडजोड झाली. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा मुगाचं धिरडं, पनीर, अंडी आणि मधूनच एखादा लाडू.

भांडण झालं ते शेकावरून. आमच्याकडे दुखलं की शेक. सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन उभ्या, आणि मी ‘आई, नको’ म्हणतेय. या शस्त्रक्रियेत त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात आणि बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. तिथे चटका बसला तरी कळत नाही, आणि कळेपर्यंत कातडी भाजलेली असते. अशा त्वचेवर गरम पिशवी ठेवून फोड आलेल्या रुग्ण प्लास्टिक सर्जन बघत असतात. पाठ दुखत होती, तिथे शेक दिला तर चाललं असतं. पण पिशवी सरकत पोटावर येणार आणि मला पत्ता लागणार नाही, ही खरी भीती. शेवटी सर्जननीच फोनवर सासूबाईंना समजावलं. त्यांनी पिशवी कपाटात ठेवली आणि त्या डॉक्टरांचं नाव त्या दिवसापासून ‘तुझे डॉक्टर’ असं पडलं.

खरी करमणूक होती ती नळ्यांची. त्वचेखाली पाणी साचू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नळी बसवतात, आणि तिच्या टोकाला दाबला की आतलं ओढून घेणारा प्लॅस्टिकचा छोटा डबा. तो रिकामा करायचा, किती मिलिलिटर भरलं ते लिहायचं, रंग बघायचा. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. चोवीस तासांत तीसेक मिलिलिटरच्या खाली आलं की सहसा नळी काढतात. नवऱ्यानं हा हिशेब दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर ठेवला. गौळीबुवांना बिल देताना एकदा चुकून तेच पान उघडलं गेलं. नळ्या निघाल्यावरही कधी कधी आत पाणी जमतं आणि ते सुईनं काढावं लागतं. बधिर भाग असल्यानं त्याचं दुखत फारसं नाही, घाबरायला मात्र होतं.

वजन उचलण्याची मर्यादा साधारण चार-पाच किलो, तीही सहा आठवडे. कागदावर हे सोपं वाटतं. आपल्या घरात चार किलोच्या आत काय असतं? भरलेली बादली पंधरा किलोची. गिरणीतून आलेला पिठाचा डबा पाच किलोचा, मोठा कुकर भरला की तेवढाच. कणिक मळताना सगळा जोर पोटातून येतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पलंगावरून उठायचं ते कुशीवर वळून, हाताच्या जोरावर. जमिनीवर मांडी घालून बसणं, वाकून केर काढणं, स्कूटरला किक मारणं, सगळं बंद.

आणि मग सूज. इतकं करून आरशात पाहावं तर पोट आधीपेक्षा मोठं! सकाळी जरा बरं, संध्याकाळी पट्टा रुतेल इतकं फुगलेलं. याच दिवसांत ‘पैसे मोजून आपण हे काय करून घेतलं’ असं वाटून रडू येतं. सर्जनना हे पाठ असतं, ते आधीच सांगून ठेवतात. सूज पूर्ण उतरायला महिने जातात आणि व्रण फिका पडायला वर्षभर. आपल्या सावळ्या कातडीत व्रण जाड व्हायची शक्यता जास्त, म्हणून सिलिकॉनच्या पट्ट्या आणि धीर.

हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला जीएसटी लागतो. उपचार करमुक्त आहेत, पण जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करण्यासाठी नसलेली सौंदर्य शस्त्रक्रिया त्यातून वगळलेली आहे. आरोग्य विमाही केवळ रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. माझ्या बिलाचे दोन भाग पडले, एक हर्नियाचा, एक माझा. पहिल्यासाठीही विमा कंपनीनं बऱ्याच चकरा मारायला लावल्या. ज्यांचा विचार चालू आहे त्यांनी स्वस्ताच्या मागे लागू नये. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग आहे का, हे तोंडानं विचारावं. पुढे मूल हवं असेल किंवा वजन अजून उतरवायचं असेल तर थांबावं. सिगरेट ओढणाऱ्यांनी ती काही आठवडे आधी सोडावी, नाहीतर कातडी काळी पडून झडू शकते.

माझी तक्रार नातेवाइकांच्या टोमण्यांबद्दल नाही, त्यांची सवय असते. तक्रार अशी की या ऑपरेशनला आपण लाज चिकटवली आहे आणि लाजेपायी बायका ते लपवतात. गावाला जाते सांगून ऑपरेशन करून येतात, आठवड्यानं कामवाल्या मावशींसमोर नेहमीसारखी बादली उचलतात, कारण सांगणार काय? टाके हौसेचे की गरजेचे हे पोटाला कळत नाही. सिझर झालेल्या सुनेला आपण महिनाभर उचलून ठेवतो. तिच्याहून लांब चीर असलेल्या बाईला ‘झालं ना आता मनासारखं?’ म्हणून स्वयंपाकघरात पाठवतो.

लपवण्याचा धोका याहून मोठा आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचं भय इतर सौंदर्य शस्त्रक्रियांपेक्षा या शस्त्रक्रियेत जास्त असतं. म्हणूनच वाकून का होईना, पहिल्या दिवसापासून चालवतात, पावलं हलवत राहायला सांगतात, काहींना रक्त पातळ करणारी इंजेक्शनंही देतात. ती गुठळी सरकून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. तेव्हा एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. घरात कुणाला सांगितलं नसेल तर त्या क्षणी सांगा, आणि थेट हॉस्पिटल गाठा.