मिस फिशरचे झगे आणि आमची नाके

ऑस्ट्रेलियन लेखिका केरी ग्रीनवुड यांनी १९८९ साली 'कोकेन ब्लूज' या कादंबरीतून फ्रायनी फिशर ही गुप्तहेर जन्माला घातली. कथा १९२८ च्या मेलबर्नमधली. रेशमी झगे, आखूड केस, तांबडी मोटार आणि जवळ पिस्तूल! २०१२ साली ती दूरचित्रवाणीवर आली. तेव्हापासून आमच्याकडचे काही शहाणे नाक मुरडतात, "ही नटवी कसले खून उलगडणार? त्या काळी अशी बाई असेल तरी का?"

अहो महाशय, पॉयरोच्या पीळदार मिशा तुम्हांला चालतात, होम्सचा पाइप चालतो. मग बाईच्या टोपीवरच राग का? पुरुषाची छानछोकी ती लकब आणि बाईची तेवढी थेरं, हा कुठला न्याय?

इतिहासाचे म्हणाल, तर ग्रीनवुडबाई वकील होत्या. १९२८ च्या गोदी कामगारांच्या संपाचा त्यांनी अभ्यास केला होता. म्हणूनच कथेत नुसता झगमगाट नाही. पहिल्याच कादंबरीत गरीब मुलींच्या जिवावर उठलेला चोरट्या गर्भपाताचा धंदा आहे. अशा मुलींचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? फ्रायनी ऐकते, कारण तिचे बालपणही दारिद्र्यातच गेलेले. अंगावरच्या उंची वस्त्रांमुळे तिला बड्यांची दारे उघडतात, इतकेच.

तेव्हा यंदा नव्या साडीबरोबर लेकीसुनांच्या हाती हे पुस्तकही खुशाल द्या. नटणे आणि विचार करणे एकाच डोक्याला जमते, हे त्यांना ठाऊक आहेच. कळायचे आहे ते तुम्हांला!