समाधानाच्या रकान्यात शिष्यवृत्ती कुठे आहे?

पवनारच्या विहारात रविवारी वंदना झाली की कॉलेजची पोरे-पोरी कागद घेऊन थांबतात. कुणाची जातपडताळणी अडलेली, कुणाचा उत्पन्नाचा दाखला. वकील म्हणून मी ते बघतो. मागे बी.ए. शेवटच्या वर्षाची एक मुलगी मोबाईल पुढे करून म्हणाली, "वकीलसाहेब, कॉलेजनं समाधानाचा फॉर्म भरायला सांगितला. सगळीकडे पूर्ण सहमत टाकू ना?"

मी विचारले, "तू समाधानी आहेस काय?"

"शिकवतात चांगलं. पण स्कॉलरशिप आली नाही म्हणून मार्कशीट अडवून ठेवली ना."

शेवटी सूचना लिहायला जागा होती. तिथे खरे लिहिले तर नाव कळेल, ही तिची भीती. तिने 'पूर्ण सहमत' टाकले. कागदोपत्री आणखी एक समाधानी विद्यार्थिनी वाढली!

हे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण नॅकने 2017 पासून आपल्या मूल्यांकनात आणले. त्यातले वीस प्रश्न अभ्यासक्रम किती शिकवला, अंतर्गत गुण न्यायाने दिले का, शिक्षक तयारी करून येतात का, असे आहेत. प्रश्न चुकीचे नाहीत. पण शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली का, वसतिगृह मिळाले का, जातीवरून कुणी टोचले का, हे त्यात नाही. आमची पोरे वर्गात टिकतात की गळतात, हे मात्र त्यावरच ठरते.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. 1913 साली ते कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसा जोडून, शाहू महाराजांची मदत घेऊन 1920 मध्ये ते पुन्हा गेले. शिष्यवृत्ती थांबली तर एवढ्या प्रज्ञावंताचाही अभ्यास थांबतो, तिथे पवनारहून एसटीने वर्ध्याला जाणाऱ्या मजुराच्या मुलीचे काय?

बी.ए.ला घरून येजा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता 2010 मध्ये महिना 300 रुपये होता. केंद्राच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत तो वर्षाला 3,000 झाला. दहा महिन्यांचा हिशेब मांडा, आकडा तोच! मधल्या काळात एसटीचे भाडे थांबले होते काय? शिवाय नवी रीत अशी की राज्याने आपला 40 टक्के वाटा खात्यात टाकल्याशिवाय केंद्राचा 60 टक्के वाटा निघत नाही. मुंबईत फाईल रखडली की दिल्लीही थांबते, आणि कॉलेज मात्र मुलीला फीसाठी उभे करते. उशीर सरकारचा, शिक्षा तिला.

मानाचा प्रश्न तर याहून खोल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्ये भेदभावविरोधी नियम काढले. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी त्यात आले. पण 2016 मध्ये रोहित वेमुला गेला, 2019 मध्ये डॉ. पायल तडवी गेली आणि त्याच नियमांच्या अंमलबजावणीसाठी राधिका वेमुला व आबेदा तडवी या दोन मातांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपल्या जिल्ह्यातल्या किती विद्यार्थ्यांना आपल्या कॉलेजातल्या त्या अधिकाऱ्याचे नाव माहीत आहे? मी विहारात विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही.

थोडे आपल्यालाही बोलतो. 14 एप्रिलला दहावी-बारावीच्या गुणवंतांना पुष्पगुच्छ देतो, फोटो काढतो. तीच मुले कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कुठे आहेत, हे कोणती जयंती समिती विचारते? आमचीही विचारत नव्हती.

त्या मुलीच्या मार्कशीटसाठी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. समाजकल्याण कार्यालयाकडे शिष्यवृत्तीचा हप्ता कुठे अडला, याची माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागितली आहे. तीस दिवसांची मुदत आहे. ज्यांचे कागद असेच अडले असतील त्यांनी येत्या रविवारी अर्जाची प्रत आणि बँकेचे पासबुक घेऊन विहारात यावे. सोबत पालकांनाही आणावे.