फवारा पानावर, खार मुळाशी

जमिनीचा खार मारतो म्हणून कुणी वनस्पती-अर्काची बाटली दाखवली, तर घाई करू नका. शेवग्याच्या पाल्याचा रस ३० पट पाण्यात गाळून फवारला, तर त्यातल्या संजीवकामुळे पाने उशिरा पिवळी पडतात, रोप तग धरते. हे खरे आहे, आणि घरी जवळजवळ फुकटात होते. करून पाहा, चार ओळी न फवारता सोडा, म्हणजे फरक कळेल. पण जमिनीतला खार जागीच राहतो. कापूस-ज्वारी मोठेपणी तो बऱ्यापैकी सोसतात, उगवणीला नाही. आणि तेव्हा फवारायला पानच कुठे असते?

जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात आला, निचऱ्याचे चर मागे राहिले. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की खार वर येतो. कोरडवाहू रानात बोअरचे मचूळ पाणीही तेच करते. आधी माती तपासा. सामू साडेआठच्या वर, जमीन चोपण, तरच जिप्सम. नुसती खारवट असेल तर चर काढून गोड्या पाण्याने, पावसाने खार धुवावा लागतो.

२०२१ पासून असे विकाऊ अर्क खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. पक्की पावती मागाच.

कालवा सरकारने काढला, चरही सरकारनेच काढावेत, ही मागणी आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. येताना सातबारा आणि माती तपासणीचा अहवाल आणा.