रिकामं पॉलिहाऊस, ‘ऑटोफ्लॉवर’चे व्हिडिओ आणि सातबारावरचं नाव

मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ बघणाऱ्याला कधी ना कधी हा व्हिडिओ दिसतोच. परदेशातलं झकपक ग्रीनहाऊस, ओळीने कुंड्या, कमरेएवढी झाडं आणि दावा असा की बी टाकल्यापासून अडीच-तीन महिन्यांत माल तयार. झाड गांजाचं, प्रकार ‘ऑटोफ्लॉवर’. बघणाऱ्याच्या मागे वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस असतं. जरबेरा उपटून टाकलेला, कागद फाटलेला, बँकेचा हप्ता मात्र चालू. त्याच्या मनात काय येत असेल, हे सांगायला नको.

म्हणून हा विषय नीट बघू.

साधा गांजा दिवस लहान झाला की फुलावर येतो, शेवंतीसारखा. शेवंतीवाले रात्री बल्ब लावून फुलं लांबवतात, ते ज्यांनी केलंय त्यांना हे लगेच कळेल. ऑटोफ्लॉवर प्रकाश मोजत नाही, ठरावीक वय झालं की फुलतो. थंड मुलखातल्या रुडेरालिस नावाच्या बुटक्या गांजापासून हा गुण घेतलाय. झाड लहान, पीक झटपट, म्हणून त्याची एवढी जाहिरात.

पण आपल्या कायद्याला यातलं काहीच बघायचं नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात ‘कॅनाबिस’ कुळातलं कुठलंही झाड म्हणजे गांजाचं झाड. बुटकं असो, उंच असो, कुंडीत असो की उसाच्या सरीत. विनापरवाना लागवडीला कलम 20 प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘बी कायदेशीर आहे’ असं काही जण छातीठोक सांगतात. त्यात अर्धंच खरं आहे. नुसतं बी गांजाच्या व्याख्येत येत नाही, पण ते पेरलं की ती लागवड झाली.

आणि इथे आपल्या लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट येते. पॉलिहाऊस भाड्याने दिलं, पीक दुसऱ्याचं, म्हणून मालक सुटला असं होत नाही. माहीत असून जागा वापरू दिली तर कलम 25 लागतं, शिक्षा मूळ गुन्ह्याचीच. आपल्या जमिनीत असं पीक दिसलं तर पोलिसांना कळवणं कलम 46 प्रमाणे जमीनधारकाचं काम. कलम 47 ने तीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवर टाकलीय. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला किंवा कुठेही कारवाई झाली, की बातमीत माल किती ते येतं. माल घेणारा व्यापारी सहसा बातमीत नसतो.

आता समजा कायदा नाहीच. पीक तरी सोपं आहे का? जिथे ते कायदेशीर आहे, त्या कॅनडाकडे बघा.

बंद घरात उबदार हवा आणि दाट झाडी म्हणजे लाल कोळी, फुलकिडे, मावा, पांढरी माशी आणि भुरी. ढोबळी मिरचीवाल्यांना ही मंडळी नवीन नाहीत. मिरचीला मात्र सात-आठ महिने मिळतात, एक बहर कोळ्याने खाल्ला तरी झाड सावरतं. ऑटोफ्लॉवरला सावरायला वेळच नसतो, वय झालं की ते खुरटलेलंच फुलतं. फुलं चिकट, त्यावर मारलेलं औषध धुऊन निघत नाही, आणि ते फूल लोक ओढणार. म्हणून तिथे वापरता येणारी औषधं मोजकीच. तिथले उत्पादक कोळी खाणारे परभक्षी कोळी विकत आणून सोडतात, रोज पानं उलटून बघायला माणसं ठेवतात. 2019 पासून तिथे परवानाधारकांच्या मालाची 96 कीटकनाशक-बुरशीनाशकांसाठी तपासणी सक्तीची झाली.

ही सक्ती उगाच आली नाही. 2016-17 च्या सुमारास, तिथे फक्त औषधी गांजाला परवाना होता तेव्हा, काही उत्पादकांच्या मालात मायक्लोब्युटानिल सापडलं. आपल्या द्राक्षवाल्यांना हे औषध भुरीसाठी माहीत आहे. ते जाळलं की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. माल बाजारातून परत घ्यावा लागला. रेसिड्यूपायी 2010 साली आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ती आठवण नाशिक पट्ट्यात अजून ताजी आहे.

भावाचं म्हणाल तर 17 ऑक्टोबर 2018 ला कॅनडात गांजा सर्वांसाठी खुला झाला, सगळेच ग्रीनहाऊस बांधत सुटले आणि माल जास्त झाला. मार्च 2020 मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीने 30 लाख चौरस फुटांची, म्हणजे जवळपास 69 एकरांची ग्रीनहाऊस बंद करायचं जाहीर केलं. सुमारे 500 जणांचं काम गेलं. कांद्याचं गणित आपल्याला कुणी शिकवायला नको, हे त्याच जातीचं.

आपल्या देशात काहीच हालचाल नाही, असं मात्र नाही. कायद्याच्या कलम 14 प्रमाणे धागा, बी आणि बागायती कामासाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये नशा जवळपास नसलेल्या हेंपला परवाना दिला, नशेच्या घटकाची मर्यादा 0.3 टक्के. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीच्या अभ्यासाला मंजुरी दिली. महाराष्ट्रात असं धोरण नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं असताना निदान हेंपच्या धाग्याचा अभ्यास का होऊ नये, हा प्रश्न आमदारांना विचारण्यासारखा आहे. कुंडीत चोरून लावून तो सुटणार नाही.

2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी थेट सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, ही त्याची तक्रार. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. असेलही. पण तक्रार खोटी होती असं आमच्या वाचकांपैकी किती जण म्हणतील?

तोवर एक काम आजच करता येईल. पॉलिहाऊस भाड्याने देणार असाल तर करार तोंडी ठेवू नका. कुठलं पीक घेणार ते कागदावर लिहून घ्या, कधीही आत येऊन बघण्याचा हक्क ठेवा, आणि महिन्यातून दोनदा खरंच आत जा. भाडेकरू ‘शेठ, आत फवारणी झालीय, येऊ नका’ असं दर वेळी म्हणत असेल, तर त्याच दिवशी पोलीस पाटलांना सोबत घेऊन कुलूप उघडायला लावा.