पांढरीचा हिशेब

काळी पिकवायची आणि पांढरी राहायची, अशी गावच्या जमिनीची वाटणी आपल्या वाडवडिलांनी केली. वस्ती उठून गेली तरी पांढर मागे राहते. नदीकाठच्या कितीतरी गावांत अशी टेकाडे आहेत आणि सातबाऱ्यावर ती कुणा ना कुणा शेतकऱ्याच्या नावे आहेत.

आजवर आपण त्यांचे काय केले? गाड्या भरभरून माती काळीत नेऊन टाकली. चुलीची राख, शेण आणि हाडे शेकडो वर्षे मुरलेल्या त्या मातीत स्फुरद आहे, पालाश आहे. आमच्यासारख्या कृषी पदवीधरांनीही याला कधी हरकत घेतली नाही. ही आमचीही चूक आहे.

त्या मातीबरोबर काय वाहून जाते, ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावने दाखवले. घोड नदीकाठच्या या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव वर आले. जळक्या दाण्यांवरून कळले की ते लोक जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवत. पाटाने पाणी फिरवल्याच्या खुणा मिळाल्या. गावप्रमुखाचे मानले गेलेले पाच खोल्यांचे घर मिळाले आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली. अवर्षणाने हे घडले, असे अभ्यासकांनी मांडले. पिकवणारा कसा उभा राहिला, त्याचे धान्य कुठे जमा झाले आणि तो कसा मोडला, हा इतिहास कोणत्याही बखरीत नाही. तो थरांत आहे. थर एकदा कालवले की दाणा हाती येतो, पण तो कोणत्या थरातला हे सांगता येत नाही.

हा इतिहास शेतकऱ्याचा असूनही त्याच्या राखणीत शेतकऱ्याला जागा नाही. अधिकारी आले की जमीन जाणार, ही धास्ती असते. म्हणून खापरे दिसू लागली की रातोरात यंत्र लावून टेकाड सपाट होते. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या ब्राँझच्या मूर्ती सापडल्या, त्या एका गावकऱ्याला झाडाचे मूळ खणताना. कुदळ आपल्याच हातात असते. तो हात भ्यालेला असेल तर कोणताही कायदा वारसा वाचवू शकणार नाही.

१९५८ च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम २७ मध्ये प्रवेशामुळे वा उत्खननामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई जमीनमालकाला आणि कसणाऱ्याला देण्याची तरतूद आहे. किती शेतकऱ्यांना हे कुणी सांगितले?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील आराखडा ठेवत आहोत.

१. प्रत्येक गावाने आपल्या पांढरीची यादी करावी. गट क्रमांक, क्षेत्र आणि सध्याचे पीक ग्रामसभेत नोंदवावे.

२. उत्खननाआधी मालकाशी लेखी करार व्हावा. किती गुंठे, किती दिवस, हे त्यात असावे. काम रब्बी निघाल्यावर सुरू करून मृगापूर्वी संपवावे. वरची सुपीक माती वेगळी ठेवून खड्डे बुजवताना ती वरच टाकावी.

३. भरपाई बाजारभावाने आणि काम सुरू होण्यापूर्वी मिळावी. खोल नांगरट करू नका म्हणणाऱ्यांनी त्या बंधनाचा वार्षिक मोबदला द्यावा.

४. निघालेल्या वस्तूंची यादी मालकाला मिळावी आणि निष्कर्ष मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवावेत.

५. आपल्या बाजूने, पांढरीची माती विकणे आणि तिच्यात यंत्र घालणे आजपासून बंद. उथळ पाळी चालेल. काही सापडले तर ते तिथेच ठेवून तहसीलदारांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

पाचवे कलम पहिल्या चारांची वाट पाहणार नाही. सरकार आज ना उद्या हलेल, पण गेलेली पांढर परत येत नाही. बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली यादी बरोबर आणावी.